दुसऱ्या पायाचं उत्तर

हुपरीतल्या आमच्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नसे. पुढच्या सोप्यात, दारालगतच्या खोलीत, आबा, म्हणजे माझे वडील, भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून चांदीची तार ओढत, आणि तार करकरत बाहेर येई. त्यांच्या मागे भिंतीला टेकून आक्का बसे. आक्का आबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती माहेरी परत आली होती. त्याविषयी घरात कुणी बोलत नसे, तिच्या आवाजाविषयी मात्र सगळी गल्ली बोलत असे. तोंडात फुंकणी धरून ती दिव्याची ज्योत कड्यांच्या सांध्यावर वळवायची आणि डाख, म्हणजे जोडायचा धातू, वितळून सांधा बसला की फुंकणी काढून राहिलेलं वाक्य पुरं करायची. त्यामुळे तिची वाक्यं तुकड्यातुकड्यांनी येत आणि मधल्या वेळात पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज आम्ही करत राहायचो. आई सगळ्यांत आत, उजेडाच्या खिडकीखाली, पैंजणांना घुंगरं लावत बसलेली. आजूबाजूच्या बहुतेक घरांतून हेच आवाज येत. डोळे मिटून गल्लीतून चाललं तरी कुणाच्या दारात तार चालू आहे आणि कुणाच्या दारात पॉलिश, हे मला सांगता येई.

काम अंगावर असलं की चूल एकदाच पेटायची. सकाळी थापलेल्या ज्वारीच्या भाकरी दिवसभर पुरत. त्यांच्यासोबत मिरचीचा खर्डा, दही, आणि थंडीच्या दिवसांत हुलग्याचं माडगं. जेवायला उठण्याआधी सगळ्यांनी एकाच घंगाळात हात धुवायचे, आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही, कारण त्यात चांदीचा कीस असे. त्याच कारणानं घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं उंबऱ्याच्या आत पाय झटकायचे. शाळेला जाताना मी झटकायची, बाजाराला जाताना आई झटकायची, आलेले पावणेसुद्धा झटकत. कुणी विसरलं तर आक्का फुंकणी काढून ओरडे, “पाय!” एवढा एकच शब्द. नव्या माणसाला वाटे, पाया पडायला सांगते आहे. एक-दोघे पडलेही.

माझं काम जोड्या लावण्याचं. आमच्या घरचा नमुना कोयरीचा होता. डाव्या पायाच्या पैंजणावर कोयरीची टोकं एका बाजूला वळलेली, उजव्या पायाच्या पैंजणावर दुसऱ्या बाजूला. दोन्ही शेजारी ठेवली की कोयऱ्या एकमेकींकडे बघत. मी काळ्या कापडावरच्या ढिगातून एक पैंजण उचलायचे, समोर ठेवायचे, आणि त्याचा जोडीदार शोधायचे. नक्षी तीच, पण आरशात दिसावी तशी उलटी. दोन्ही एकाच पायाची अशी जोडी चुकून गेली, तर व्यापारी ती परत पाठवी. मग आक्का ती माझ्यापुढे धरून म्हणे, “ही बाई काय लंगडत चालणार हाय व्हय, शाले?” हे काम मी अक्षरं ओळखायला लागण्याच्या आधीपासून करत होते. कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

पुढे मी आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं. बातमीत बातमीदारानं दिसायचं नसतं, ही सवय इतकी मुरली आहे की हे प्रकरण लिहितानाही ‘मी’ या शब्दाशी हात अडखळतो. पण ज्या उत्तरांवरून पुढचं सगळं घडलं ती उत्तरं माझी होती, तेव्हा इलाज नाही.

सातवी संपत आली तेव्हाची गोष्ट. गावात हायस्कूल होतं. पण सोप्यात काम करणाऱ्या घरातली मुलगी हायस्कुलात गेली तरी सकाळ-संध्याकाळ कामालाच असे, आणि नववीपर्यंत काम जिंके. माझ्या दोन चुलत बहिणींचं तेच झालं होतं. कोल्हापुरात, कळंब्याच्या रस्त्याला, खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठी एका संस्थेनं वसतिगृह चालवलं होतं. तिथं राहणं-जेवण फुकट, आणि शाळा शहरातली. आमच्या मुख्याध्यापकांनी माझं नाव सुचवलं. आबांनी विचाराला एक रात्र मागून घेतली आणि सकाळी तार ओढता ओढता सांगितलं, “हितं ऱ्हाऊन शिकणं व्हायचं न्हाय. काम सोडणार न्हाय तुला, आन् आमी बी सोडणार न्हाय. त्यांनी घेतलं तर जा. न्हाय घेतलं तर आक्काच्या शेजारी बस. तिचं डोळं आता थकल्यात.” आक्का म्हणाली, “माझ्या डोळ्यांचं नाव कशाला घेतोस? तुझ्या मनात असंल ते बोल.” पण तिनं नाही म्हटलं नाही. गोष्ट स्पष्ट होती. एक परीक्षा, आणि तिच्यावर माझी फुंकणी किंवा माझी आठवी.

परीक्षेला आबा आणि मी सकाळच्या एसटीनं गेलो. आधी मराठी आणि गणिताचे पेपर झाले. ते मला जड गेले नाहीत. मग एकेका मुलीला आतल्या खोलीत बोलावलं. तिथं टेबलामागे वसुधाबाई बसल्या होत्या. शहरातल्या एका कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवत, हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच की त्या तरुण होत्या, साडी सुती होती, आणि मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं होतं. त्यांनी माझ्यापुढे एक पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर एक नक्षी, नक्षीचा एक कोपरा कापलेला, आणि खाली निरनिराळे तुकडे.

“रिकाम्या जागी यातला कुठला बसेल ते बोटानं दाखव,” त्या म्हणाल्या. “घाई नाही.”

मी दाखवत गेले. पानं उलटत गेली. नक्षी बघायची, तिच्या शेजारी काय लागतं ते खालच्या तुकड्यांत शोधायचं. हे तर मी रोज करत होते, आणि इथं ढीगही केवढा लहान. बाई पेन्सिलीनं खुणा करत होत्या. पुस्तक संपलं तेव्हा मला वाटलं, एवढंच होतं?

बाहेर आबा पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. “कसं गेलं?”

“लई सोप्पं हुतं.”

आम्ही तिथल्याच कट्ट्यावर बसून भाकरी खाल्ली. आबांनी येताना मला उसाचा रस पाजला आणि स्वतः घेतला नाही. एसटीत ते कधी नव्हे ते बोलत होते.

निकाल आबाच घेऊन आले. व्यापाऱ्याकडे माल पोचवायला ते कोल्हापूरला गेले होते, तसेच वसतिगृहावर चौकशी करून परतले. घरात आले, पाय धुतले, आणि चहा न घेता तार ओढायला बसले. तार करकरत राहिली.

आक्का म्हणाली, “बोल की. तोंडात फुंकणी हाय व्हय तुझ्या?”

“न्हाय घेतली.”

“का?”

“लिव्हण्यात बरी हाय म्हणाले. गणितात बी बरी. पर ती चित्रांची परीक्षा हुती, तिच्यात सगळ्यांत खाली. पाठांतर चांगलं असंल, समज कमी पडती म्हणाले. शहरातल्या शाळंत झेपायचं न्हाय.”

“समज कमी?” आक्काचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. “सगळ्या घराच्या जोड्या लावती ती! त्यांस्नी लावून बघा म्हणावं एक!”

आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि वर रोजच्या दुप्पट दही वाढलं. तेवढं दही पाहून मला कळलं की प्रकरण संपलं.

दुसऱ्या दिवशी आक्कानं जास्तीची फुंकणी धुवून, पुसून आपल्या शेजारी ठेवली. मी जाऊन बसले. सांधे लावणं वाईट काम नाही. हाताला लागलं की मन मोकळं राहतं, आणि आक्काच्या शेजारी बसण्यासारखी करमणूक गावात दुसरी नव्हती. मला छळत होती ती वेगळीच गोष्ट. मी कुठं चुकले ते मला दिसत नव्हतं. ती पानं मला आठवत होती, आणि मनातल्या मनात सोडवली तर उत्तरं पुन्हा तीच येत होती. चूक समजली असती तर मी ती मान्य करून गप्प बसले असते. समज कमी असणं म्हणजे हेच असेल, असा निष्कर्ष मी त्या दिवसांत काढला होता. आपली चूक आपल्याला न दिसणं.

मग एका सकाळी दारात वसुधाबाई उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेतलेला, हातात कापडी पिशवी, चपला उंबऱ्याबाहेर.

आक्कानं फुंकणी काढली. “कोण पावणं? ऑर्डर हाय व्हय?”

“ऑर्डर नाही. शालनला भेटायचं होतं. मी तिची परीक्षा घेतली होती.”

“आगं बया. तुमीच व्हय त्या? या, बसा. तिथं नगा, तिथं कीस पडलाय. हितं बसा. समज कमी हाय आमची, बसायची जागा बी सांगाय लागती.”

बाई बसल्या. टोमणा त्यांना लागला, पण त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. आईनं चहा ठेवला. बाईंनी पिशवीतून तेच पुस्तक काढलं आणि मला म्हणाल्या, “शालन, हे परत दाखव. मात्र या वेळी प्रत्येक पानाला, हाच तुकडा का, तेही सांग.”

मी पहिलं पान पाहिलं आणि तोच तुकडा दाखवला.

“का?”

मला प्रश्नच कळला नाही. “बाई, ही डावी झाली. ह्यो तिचा उजवा.”

“म्हणजे?”

“जोडी नको का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे, मग सोप्यातल्या काळ्या कापडाकडे. कापडावर सकाळच्या जोड्या लावून ठेवलेल्या होत्या, कोयऱ्या एकमेकींकडे तोंड करून. मग पुस्तक उचलून बाई आक्कापुढे गेल्या.

“आक्का, तुम्ही बघता का एक?”

“मला न्हाय लिव्हाय-वाचाय येत.”

“वाचायचं काहीच नाही. इथं काय बसेल तेवढं दाखवा.”

आक्कानं फुंकणीच्या टोकानं तुकडा दाखवला. माझाच. आईला बोलावलं. आईनं चहाचं पातेलं हातात धरूनच पाहिलं आणि माझाच तुकडा दाखवला. एवढ्यात आबा मागच्या दारानं आले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, नुसतं पुस्तक पुढे धरलं. त्यांचं बोटही तिथंच गेलं. तेव्हा वसुधाबाई पहिल्यांदा हसल्या. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“काय झालं?” आबांनी विचारलं. “चुकलं काय?”

“घरभर एकच चूक आहे,” त्या म्हणाल्या. “मी एकाच मुलीत शोधत होते.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं. निकाल लावून झाल्यावर त्यांनी माझा कागद पुन्हा काढला होता, कारण त्यात काहीतरी खटकत होतं. ज्या पानांवर उलटा तुकडा दिलेला होता, त्या सगळ्या पानांवर मी तो उचलला होता. ज्या पानांवर उलटा तुकडा नव्हताच, तिथली बहुतेक उत्तरं बरोबर होती. “ज्याला काही सुचत नाही तो कसाही चुकतो,” बाई म्हणाल्या. “तू नेमानं चुकलीस. नेमानं चुकणारं माणूस विचार करत असतं. कुठला, तो मला कळेना. म्हणून आले.”

“मग माझं बरोबर हाय?”

“नाही. उत्तर चूकच आहे. इथं पाय दोन नाहीत, शालन. ही एकच सतरंजी आहे असं समज. तिचा कोपरा उंदरानं खाल्लाय. तुला ठिगळ लावायचंय, असं, की लावलेलं कळू नये.”

मी पानाकडे पाहिलं. नक्षी तीच होती, पण आता तिच्याकडे बघण्याची जागा बदलली होती. ठिगळ दिसलं. पुढच्या पानावर दिसलं. त्याच्या पुढच्याही. चहा निवायच्या आत मी पुस्तकाच्या अवघड भागात पोचले होते आणि बाईंनी पेन्सिल खाली ठेवली होती.

आबांनी मांडीवर हात मारला. “झालं की मग! पास झाली.”

“नाही, दादा. हे धरता येणार नाही. आता तिनं पुस्तक दोनदा पाहिलं आणि वर मी समजावून सांगितलं. आता ती ओळखते.”

आबा मितभाषी माणूस. विचार करून ते म्हणाले, “म्हंजे पयल्यांदा बघून चुकली ते धरायचं. आन् बघून, समजून बरोबर आली ते न्हाय धरायचं. असं हाय व्हय?”

बाईंनी चहा संपवला, पुस्तक पिशवीत घातलं आणि त्या उठल्या. उंबऱ्याशी पोचल्या तेव्हा आक्का गरजली, “पाय!” बाई दचकून वाकायला लागल्या. “आवं, पाया न्हाय पडायचं. झटका. आमची चांदी कोल्लापूरला न्यायची न्हाय.” बाईंनी दोन्ही पाय नीट झटकले, साडीच्या निऱ्याही झटकल्या, आणि एसटीच्या रस्त्याला लागल्या. आबांचा प्रश्न त्या सोबत घेऊन गेल्या, हे आम्हाला थोड्या दिवसांनी कळलं.

वसतिगृहावरून निरोप आला, मुलीला घेऊन या. आम्ही गेलो तेव्हा व्हरांड्यात त्या दिवशीच्या सगळ्या मुली बसलेल्या होत्या. निवड झालेल्या आणि न झालेल्याही. आम्हा दोघांना कार्यालयात नेलं. तिथं वसुधाबाई आणि संस्थेचे कार्यवाह भाऊसाहेब होते. भाऊसाहेब म्हणजे निवृत्त हेडमास्तर, जाड भिंगांचा चष्मा, शिस्तीचे आणि सरळ. ते चिडलेले होते आणि त्यांचं म्हणणं गैर नव्हतं.

“बाई, तुम्ही हिच्या घरी गेलात. पुस्तक दाखवलंत. समजावून दिलंत. आता म्हणता, परीक्षा परत घ्या. दुसऱ्यांदा कुणालाही जमतं.”

“मी तेच म्हणते आहे, भाऊसाहेब. बाकीच्या मुलींची ती दुसरीच वेळ होती.”

“कसली दुसरी? पुस्तक तुमच्या कपाटात कुलपात होतं.”

बाई व्हरांड्यात गेल्या आणि दाराजवळच बसलेल्या एका मुलीला आत घेऊन आल्या. तिचं नाव माधुरी, गाव जयसिंगपूर, आणि तिची निवड सगळ्यांत वरच्या नंबरानं झालेली होती. बाईंनी तिला विचारलं, “माधुरी, त्या दिवशी दाखवली तसली चित्रं तू आधी कधी पाहिली होतीस?”

“व्हय की, बाई. आमच्या गुरुजींनी गाइडातनं लई सोडवून घेतल्यात. शिष्यवृत्तीला असत्यात न्हवं का ती.” तिला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं आणि नव्हतंही.

“शालन, तू?”

“मी शिष्यवृत्तीला बसले न्हवते.” त्या महिन्यांत लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या आणि जोड्या लावायला घरात दुसरं कुणी नव्हतं. हे मी सांगितलं नाही. आबांनी मान खाली घातली, म्हणून सांगावं लागलं नाही.

“मी सगळ्यांना विचारलं,” बाई म्हणाल्या. “वरच्या नंबराच्या सगळ्या मुलींनी गाइड सोडवलेलं आहे. खालच्या बहुतेकींनी असलं चित्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हिनं तर त्याच्या उलटं काम जन्मभर केलेलं.”

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. चष्मा नसला की ते एकदम म्हातारे दिसत. “मग आपण त्या दिवशी मोजलं काय?”

“कुणी आधी पाहिलंय आणि कुणी नाही, ते.”

बाहेर जेवणाची घंटा झाली. पुढे मी कितीतरी सभांना, सुनावण्यांना आणि पत्रकार परिषदांना बसले. अधिकाराच्या खुर्चीतला माणूस हा प्रश्न स्वतःला विचारतो, त्याचं उत्तर ऐकून घेतो आणि मग आपला निर्णय मागे घेतो, हे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर घडलं. त्याचं दुर्मीळपण कळायला मला अर्धी नोकरी लागली.

“आधी सगळ्या मुली जेवतील,” भाऊसाहेब म्हणाले. “मग तुम्ही फळ्यावर सगळ्यांना सारखं शिकवा. गाइडवाल्यांना आणि बिनगाइडवाल्यांनाही. दुसरं पुस्तक आहे ना तुमच्याकडे? ते उद्या सकाळी लावा. आज सगळ्या इथंच राहतील. पालकांचीही सोय होईल.”

पंगतीत राधानगरीकडच्या तांदळाचा भात होता. त्याचा वास मला नवा होता, आमच्याकडे भात सणालाच होई. माझ्या शेजारी माधुरी बसली. मला शिकवलं तर तिचाच नंबर खाली जाऊ शकतो, हे तिला कळत नसेल असं नाही. ती हुशार होती. तिनं ताटातली शितं बोटानं वेगळी केली, आमटीतल्या डाळीचा एक दाणा मधे ठेवला, आणि आडव्या ओळीत काय वाढतंय, उभ्या ओळीत काय घटतंय, ते मला दाखवू लागली. “आधी आडवं बघायचं. मग उभं. मग खालचं एकेक खोडायचं. घाबरायचं न्हाय.” वाढपी बाई म्हणाल्या, “पोरींनो, खेळता काय अन्नाशी?” माधुरीनं सगळं उत्तर एका घासात खाल्लं.

दुपारभर फळा चालला. सकाळी दुसरं पुस्तक समोर आलं तेव्हा माझं बोट पहिल्या पानावर उलट्या तुकड्याकडेच गेलं. मी ते मागे घेतलं, उंदीर आठवला, आडवं पाहिलं, उभं पाहिलं, आणि ठिगळ दाखवलं. प्रत्येक पानावर असंच झालं. आधी जोडी, मग ठिगळ. बाईंनी घड्याळ आणलं नव्हतं की पिशवीतच ठेवलं होतं कोण जाणे, पण त्या दिवशी ते मनगटावर नव्हतं.

माझी निवड झाली. वरच्या नंबरात मी नव्हते, यादीच्या शेवटाकडे होते. माधुरी पहिलीच राहिली. जागा तेवढ्याच होत्या, म्हणजे आधीच्या यादीतलं एखादं नाव माझ्यासाठी खाली गेलं असणार. ते कुणाचं, हे मला शोधता आलं नाही. पुढे शोधण्याचाच धंदा केला, तरीही नाही.

वसुधाबाईंचं त्यात काय गेलं, हे मात्र मला फार वर्षांनी समजलं, आणि तेही मी खोदून विचारलं म्हणून. मी तेव्हा नोकरीतून निवृत्त व्हायला आले होते. त्या कोल्हापुरातच, मुलाकडे राहत. गुडघे गेलेले, बुद्धी लख्ख. माझ्या परीक्षेच्या वर्षी बाई खेड्यांतल्या मुलींच्या बुद्धीवर प्रबंध लिहीत होत्या. आमच्या वसतिगृहातले आणि आणखी काही ठिकाणचे आकडे जमवून झाले होते. हुपरीहून परतल्यावर त्यांनी ते सगळे बाजूला ठेवले. मार्गदर्शकांनी समजावलं, एका चांदीकाराच्या पोरीसाठी एवढं काय? बाईंनी विषय बदलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पदवी मिळायला उशीर झाला, आणि त्या उशिरात कॉलेजातली वरची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

“वाईट नाही वाटलं?” मी विचारलं.

“आकडे चुकीचे आहेत हे कळल्यावर ते वापरायचे कसे?” त्या म्हणाल्या. “तू छापलं असतंस?”

मी छापलं नसतं. पण ते मी त्यांच्याकडूनच शिकले होते. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्यांचे फोटो टेबलावर आले की मी नव्या बातमीदाराला एकच विचारायची, यांनी ही परीक्षा याआधी किती वेळा दिली आहे? पोरं गोंधळत. काहींनी जाऊन विचारलं, आणि त्यांच्या बातम्या बऱ्या झाल्या. आता तर शहरात अशा चित्रांचे क्लास आहेत. माझ्या चुलत बहिणीची नात ती मोबाइलवर सोडवते, रोज, दात घासावेत तशी. परवा तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “आजी, पटकन सांग.” माझं बोट उलट्या तुकड्याकडे गेलं. “चूक!” ती आनंदानं ओरडली. मी तिला कोयरीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग फोनकडे पाहिलं, मग म्हणाली, “हां, त्या पायाचं असेल तर बरोबर आहे.” माझ्या माहितीत हे उत्तर परीक्षेबाहेर बरोबर धरणारी ती पहिलीच.

तर त्या वर्षी माझा वसतिगृहाला निघायचा दिवस उजाडला. आईनं पत्र्याच्या पेटीत शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बांधून ठेवल्या होत्या. आबा पेटी खांद्यावर घेऊन आधीच रस्त्यावर गेले होते. आक्का आपल्या जागी बसून सांधे लावत होती. मी पाया पडले. तिनं फुंकणी न काढताच माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं माझ्यासाठी धुवून ठेवलेली ती जास्तीची फुंकणी उचलून आपल्या मांडीखाली सरकवली. मी उंबऱ्याशी गेले आणि सवयीनं पाय झटकायला थांबले.

मागे ज्योतीचा आवाज बंद झाला. आक्कानं तोंडातली फुंकणी काढली होती.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “जा तशीच.”